एक तास पंचावन्न मिनिटं

पडदेवाला पहिल्यांदा तिच्यासमोर आला, तो सरळ तिच्या टेबलावर चढला.

"जरा चढू का?" असं त्याने आधी विचारलं होतं, नाही असं नाही. पण ती त्या वेळी दोन शहरांमधलं अंतर टाइप करत होती, आणि अशा वेळी ती कुणालाही "हं" म्हणायची. मान वर केली तेव्हा कीबोर्डशेजारी दोन पायमोजे उभे होते. एक निळा, एक करडा. बूट त्याने खाली जोडीने काढून ठेवले होते, म्हणजे माणूस सभ्य होता. मोज्यांचं मात्र...

"हे काय चाललंय?"

"खिडकी," वरून उत्तर आलं. "मोजतोय."

रोज अकरा ते एक या वेळात ऊन थेट तिच्या स्क्रीनवर यायचं आणि आकडे दिसेनासे व्हायचे. पडद्यासाठी तिने चार अर्ज केले होते. चौथ्या अर्जावर साहेबांनी 'बघू' असं लिहिलं, तेव्हा सगळ्या ऑफिसने तिचं अभिनंदन केलं होतं. 'बघू' म्हणजे एवढ्या लवकर कुणी टेबलावर चढेल, असं मात्र तिला वाटलं नव्हतं.

त्याने माप घेतलं, कानामागची पेन्सिल काढून वहीत लिहिलं. पुन्हा माप घेतलं. मग तिसऱ्यांदा.

"बदलली का?" तिने विचारलं.

"कोण?"

"खिडकी. तीनदा मोजलीत म्हणून म्हटलं."

"पहिल्यांदा खिडकी मोजली," तो टेप गुंडाळत म्हणाला. "दुसऱ्यांदा माझी चूक शोधली. तिसऱ्यांदा... तुम्ही वर बघत होतात, म्हटलं लगेच कशाला उतरायचं?"

तिने घाईघाईने स्क्रीनकडे बघितलं. स्क्रीनवर ऊन होतं. काहीही दिसत नव्हतं. तरी ती बघत राहिली.

तो उतरला, बूट घातले, तिच्या खुर्चीमागे क्षणभर थांबला. "तुमचं काम काय?"

"मीही मोजते."

"काय?"

"शहरं."

मग तिला समजावून सांगावं लागलं. जगातल्या कुठल्याही माणसाने इंटरनेटवर विचारलं, की या शहरापासून ते शहर किती लांब आणि विमानाला किती वेळ लागतो, तर जे पान उघडतं, ते पान बनवायचं हे ऑफिस. महिन्याला सहाशे पानं ती एकटी करायची. आत्तापर्यंत सगळ्या ऑफिसची मिळून दोन लाख झाली होती.

"म्हणजे एवढी शहरं बघितलीत?"

"मी या खुर्चीतून फक्त डब्यासाठी उठते."

"मग टेपचं दुसरं टोक कोण धरतं?"

तिला हसू आलं. खरं तर हसण्यासारखं काही नव्हतं, प्रश्न अगदी रास्त होता. पण हसू आलं, आणि ते का आलं याचा विचार ती दुपारभर करत बसली. त्या दिवशी तिची सतराच पानं झाली.

*

पडदा आठवड्याने आला. सुंदर होता, राखाडी, जाड कापडाचा. फक्त खालून चार बोटं कमी पडला. तेवढ्या फटीतून उन्हाची एक पट्टी यायची आणि नेमकी तिच्या दोन हातांवर पडून राहायची.

"चुकलंच," पडदेवाला म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर चुकल्याचं काही दिसत नव्हतं. "घेऊन जातो. दुरुस्त करून आणतो."

दुरुस्त केलेला पडदा रुंदीला कमी पडला. त्यानंतरचा रॉडच्या कड्यांत अडकला. दर वेळी त्याला यावं लागायचं, दर वेळी टेबलावर चढावं लागायचं, आणि उतरल्यावर जिन्यातल्या मशीनचा चहा प्यावा लागायचा. चहा इतका वाईट होता की तो एकट्याने पिणं शक्य नव्हतं, म्हणून ती सोबत जायची. निदान तिची स्वतःची समजूत अशी होती.

घरी तिने हे सगळं वहिनीला सांगितलं. घरात दादा, वहिनी आणि ती. दादा तिला 'गोगलगाय' म्हणायचा. चपला घ्यायला दुकानात गेली की ती दीड तासाने तोच जुना जोड घालून परत यायची, म्हणून.

"माणूस चांगला आहे गं," ती म्हणाली. "पण कामात अगदीच गबाळा. तीनदा मोजतो आणि तरी चार बोटं चुकतो."

वहिनीने कणीक मळता मळता हात थांबवला. "तीनदा मोजतो?"

"हो ना."

"आणि तरी चुकतो. तुझ्याच खिडकीत."

"बाकीच्यांच्या खिडक्यांत काही तक्रार नाही म्हणे. माझंच नशीब."

वहिनीने नणंदेकडे बराच वेळ बघितलं. मग पुन्हा कणीक मळायला घेतली आणि भिंतीला उद्देशून म्हणाली, "ही मुलगी महिन्याला सहाशे पानं भरते. वाचणाऱ्यांचं देवच रक्षण करो."

*

चौथ्यांदा पडदा नीट बसला. आता यायला काही कारण उरलं नव्हतं, तरी पडदेवाला त्या शुक्रवारी जिन्यात चहाच्या मशीनपाशी उभा होता.

"एक काम आलंय," तो म्हणाला. "मोठं. नवीन हॉटेल आहे. चारशे बारा खिडक्या. पडदे, कडी, रॉड, सगळं माझ्याकडे. दीड वर्ष तरी तिकडेच राहावं लागेल."

"तिकडे म्हणजे?"

त्याने शहराचं नाव सांगितलं. तिने ते ऐकलं होतं. म्हणजे भरलं होतं, मार्चमध्ये, ओळीने अठ्ठावीस पानांत.

"गुरुवारपर्यंत हो की नाही ते कळवायचंय. आईला सांगितलं तर ती म्हणते, लांब आहे. मी म्हटलं, लांब म्हणजे किती लांब ते माहीत असणारं एक माणूस माझ्या ओळखीचं आहे." त्याने कप कठड्यावर ठेवला. "किती लांब आहे?"

आजवर तिला असं तोंडावर कुणी विचारलं नव्हतं. ती जरा ताठ उभी राहिली.

"एक हजार एकशे चाळीस किलोमीटर. विमानाने एक तास पंचावन्न मिनिटं."

"एवढंच?"

"एवढंच."

तो मनाशी काहीतरी जुळवत होता. डोळे तिच्यावर होते, पण बघत होता पलीकडे कुठेतरी. "शुक्रवारी सहाला काम संपलं... एक तास पंचावन्न... म्हणजे आठ. धरा साडेआठ." तो एकदम हसला. "म्हणजे जेवायला इथे!"

"हो... अगदी आरामात."

"दर शुक्रवारी."

"दर शुक्रवारी," ती म्हणाली. जेवायला इथे, म्हणजे कुठे? त्याच्या आईकडे? की बाहेर? बाहेर असेल तर एकटा? की हे 'इथे' म्हणजे...

"बरं झालं तुम्हाला विचारलं," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर विश्वास ठेवला नसता."

तो जिना उतरून गेला. ती दोन्ही कप धुवायला घेऊन गेली. कप कागदाचे होते, हे तिच्या बेसिनपाशी लक्षात आलं.

*

"मग तिकीट बघून ठेव की," वहिनी रविवारी म्हणाली. "पहिल्या शुक्रवारचं. आपणच काढून दिलं तर बरं दिसेल."

"आपण का काढायचं?"

"तुला उत्तर हवंय की तिकीट हवंय? बघ तरी."

तिने बघितलं. मग तारीख बदलून बघितलं. मग महिना बदलून. मग दादाच्या फोनवर बघितलं, कारण तिचा फोन जुना होता आणि दोष त्याचा असू शकत होता.

त्या दोन शहरांच्या मध्ये विमान नव्हतंच. शुक्रवारी नाही, कुठल्याच वारी नाही. तिथून निघालेलं विमान सकाळी एका तिसऱ्याच शहरात यायचं. तिथे पाच तास बसायचं, मग चार तासांची बस. घरातून घरात म्हटलं तर तेरा तास.

सोमवारी ती साहेबांच्या केबिनमध्ये गेली. साहेब संत्र्यासारख्या रंगाच्या चेंडूवर बसले होते. खुर्चीपेक्षा पाठीला बरा, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं.

"सर, या पानावर एक तास पंचावन्न मिनिटं लिहिलंय."

"बरोबर आहे." साहेबांनी हवेत बोटाने गणित मांडलं. "अंतर भागिले ताशी आठशे. अधिक चढ-उताराचा अर्धा तास. एक तास पंचावन्न."

"पण विमान नाहीये, सर."

"आपण आहे असं कुठे म्हटलंय?"

तिने ते पान पुन्हा एकदा वाचलं.

"विमान असतं, तर इतका वेळ लागला असता. एवढंच आपलं म्हणणं." साहेब चेंडूवर किंचित वरखाली झाले. "आपण अंतर आणि वेळ देतो. विमान द्यायचं काम विमानवाल्यांचं."

"लोक विश्वास ठेवतात, सर."

"ही तर चांगलीच गोष्ट आहे!" साहेब मनापासून म्हणाले. "तुला काही त्रास आहे का? पडदा बसला ना?"

ती जागेवर येऊन बसली. पडदा बसला होता. स्क्रीन लख्ख दिसत होता, आणि पहिल्यांदाच तिला तो बघवत नव्हता.

सांगितलं, तर तो हॉटेलला नाही म्हणेल. चारशे बारा खिडक्या तिच्या एका वाक्याने जातील, आणि वर त्याला वाटेल, हिला मी जायला नको आहे. आता ते खरं होतं की नव्हतं, हेच तिला माहीत नव्हतं. नाही सांगितलं, तर तो जाईल. पहिल्या शुक्रवारी सहाला हात धुऊन विमानतळावर जाईल, आणि काउंटरवरची मुलगी त्याला हसेल. त्या हसणाऱ्या मुलीचा तिला आत्तापासूनच राग आला. ती दिसायला कशी असेल, असाही एक विचार मनात येऊन गेला.

"तुला तो आवडतो का?" वहिनीने सरळ विचारलं.

"कसं कळतं ते?"

"कळतं."

"मला नाही कळत. मला तो समोर असला की वाटतं, जावा आता. गेला की वाटतं, का गेला? हे आवडणं असतं का?"

"नाही हो, ॲसिडिटी असते," वहिनी म्हणाली. "उद्या जाऊन सांगून ये. गुरुवारच्या आत. गोगलगाईनेही कधी कधी रस्ता ओलांडावा."

उद्या म्हणता म्हणता बुधवार उजाडला.

*

त्याचं दुकान एका लांबट गल्लीच्या टोकाला होतं. दारापासून मागच्या भिंतीपर्यंत कापडाचे तागे उभे केलेले, मधून एकच माणूस जाईल एवढी वाट. खिळ्यांवर कड्यांच्या माळा. मोठ्या टेबलावर खडूच्या रेघा, आणि मशीनवर चष्मा नाकाच्या टोकावर घेतलेल्या एक बाई, पायापाशी पडद्याचा डोंगर.

"ते... पडदेवाले आहेत का?" तिने विचारलं.

बाईंनी मशीन थांबवलं. तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तूच का ती खिडकी?"

"मी... काय?"

"आमच्याकडे महिनाभर तुझंच नाव चाललंय. खिडकीचं असं, खिडकीचं तसं. खिडकीला चहा आवडत नाही तरी पिते." बाईंनी दोरा दातांनी तोडला. "त्याची आई मी. ते चार बोटं कमीचं काम मीच शिवलं. म्हटलं, अरे, माप चुकलंय. तर म्हणतो, आई, एवढंच हवंय. पंधरा वर्षांच्या धंद्यात पहिल्यांदा मुद्दाम वाईट काम केलं माझ्या मुलाने."

तिला बसायला काहीच सापडेना, म्हणून ती एका ताग्याला धरून उभी राहिली. तागा डुगडुगला. मागून येऊन पडदेवाल्याने तो सावरला.

"तुम्ही? इकडे?"

"ते विमान नाहीये," ती म्हणाली.

वाटेत तिने चांगली चार वाक्यं जुळवून आणली होती. ती सगळी दारातच राहिली.

"कुठलं विमान?"

"एक तास पंचावन्नचं. नाहीये. कधीच नव्हतं. मी काही मोजत नाही हो... मी फक्त भागाकार करते. मला माहीत नव्हतं. म्हणजे मलाच माहीत असायला हवं होतं." तिने पर्समधून कागद काढला. सगळा रस्ता तिने हाताने लिहून आणला होता, विमान, थांबा, बस. "तेरा तास लागतात. तुम्ही माझ्यावर विसंबून..."

त्याने कागद घेतला. वाचला. मग पुन्हा वाचला. मशीन बंदच होतं, त्यामुळे त्याचा श्वाससुद्धा ऐकू येत होता.

"मग उद्या नाही म्हणून कळवतो," तो म्हणाला.

"नको! असं नका करू. चारशे बारा खिडक्या..."

"मग जाऊ?"

"तसंही मी म्हटलं नाही."

"मग काय करू?"

"मला काय माहीत!" तिचा आवाज चढला आणि डोळे भरून आले. दोन्ही एकाच वेळी का होतंय, तेही तिला समजेना. "तुम्ही जावं असं वाटतं. तुम्ही जाऊ नये असंही वाटतं. मला काही कळतच नाहीये, आणि सगळेजण मलाच विचारताहेत."

"मी तर कुठे काय विचारलंय अजून," तो हळूच म्हणाला. "हिंमत नव्हती. म्हटलं, आधी चार-पाच शुक्रवार जेवायला यावं, मग..."

"अरे बाबा," आई मशीनवरून म्हणाली, "हिला कळत नाही, तुला सांगता येत नाही, आणि माझी शिवण वाकडी चाललीये. तू हॉटेलला हो म्हण. दीड वर्ष काही जन्म नाही. आणि दोघं बाहेर जाऊन काय ते बोला."

बाहेर जाऊन दोघं काहीच बोलले नाहीत. गल्लीच्या टोकापर्यंत चालले, परत दुकानापर्यंत आले, आणि मग तिच्या बसची वेळ झाली.

*

पडदेवाला गेला. दहा दिवसांनी, गुरुवारी दुपारी त्याचा मेसेज आला.

'शनिवारी मधल्या शहरात. दहा ते तीन.'

बस्स. प्रश्नचिन्ह नाही, पूर्णविरामापलीकडे काही नाही. तिने तो मेसेज ऑफिसात वाचला, बसमध्ये वाचला, जेवताना ताटाशेजारी ठेवून वाचला.

"ही माहिती आहे की आमंत्रण आहे?" तिने विचारलं.

"तो थांब्यावरूनच परत जाणार का?" दादाने विचारलं. "पाच तासांसाठी? वेडा आहे का?"

"इथे येईपर्यंत रात्र, आणि सकाळी पुन्हा निघायचं. त्यापेक्षा मध्ये बरं," वहिनी म्हणाली. "वेळापत्रक पाठवणारा मुलगा आणि वेळापत्रक वाचून रडणारी मुलगी. यांची पोरं टाइमटेबलच घेऊन जन्माला येतील."

"वहिनी!"

"सहाची बस आहे. डबा मी देते."

शनिवारी ती सहाच्या बसमध्ये बसली. पहिल्या तासात तिने दोनदा उतरायचं ठरवलं. दुसऱ्या तासात खिडकीवर बारीक पाऊस आला आणि शेजारच्या आजी तिच्या खांद्यावर झोपल्या, त्यामुळे उतरणं रद्द झालं. तिसऱ्या तासात तिने त्याच्याशी काय बोलायचं याची यादी केली. चौथ्या तासात ती खोडली.

विमानतळाच्या हॉलमध्ये तो प्लॅस्टिकच्या खुर्च्यांच्या तिसऱ्या रांगेत बसला होता. शेजारच्या खुर्चीवर त्याने स्वतःची बॅग ठेवली होती आणि तिथे बसायला येणाऱ्या प्रत्येकाला "कुणीतरी येतंय" असं सांगत होता. तिने दुरून पाहिलं. एका गृहस्थाला त्याने तसं सांगितलं, मग एका बाईला. कुणीतरी येतंय. येईल की नाही हे माहीत नसताना...

ती जाऊन समोर उभी राहिली. त्याने बॅग उचलली. ती बसली.

"आलात," तो म्हणाला.

"आले. का आले ते विचारू नका."

"नाही विचारत."

"निदान एकदा तरी विचारा."

"का आलात?"

"माहीत नाही," ती म्हणाली. "नक्की माहीत असतं, तर घरी बसून फोनवर सांगितलं असतं. एवढा गोंधळ आहे म्हणून तर चार तास बसमधून आले."

तो हसला. त्याच्या हातांना रॉडच्या तेलाचा वास येत होता, तिच्या ओढणीला बसचा. त्यांनी वहिनीचा डबा खाल्ला. त्याने हॉटेलच्या खिडक्यांबद्दल सांगितलं. अकरा झाल्या होत्या, चारशे एक बाकी होत्या. तिने सांगितलं, की साहेबांना न विचारता तिने त्या पानावर खाली एक ओळ घातलीय, की थेट विमान नाही, तेरा तास धरून निघावं. मेमो मिळाला.

"घाबरलात?"

"नाही. त्या एका बाबतीत माझा काही गोंधळ नव्हता."

तिने डब्याचं झाकण लावलं. त्याचा हात खुर्चीच्या कडेवर होता, तिचाही. मध्ये चार बोटं अंतर असेल. तिने बघितलं, त्याने बघितलं, आणि कुणीच काही हलवलं नाही... आणि तरी थोड्या वेळाने मध्ये अंतर उरलं नव्हतं. कुणाचा हात सरकला, यावर पुढे त्यांचे अनेक वाद व्हायचे होते.

पावणेतीनला स्पीकर खरखरला. तीनचं विमान दोन तास उशिरा सुटणार होतं. सगळा हॉल एका सुरात वैतागला. मघाच्या गृहस्थांनी तर पेपर आपटला. त्या एवढ्या माणसांत दोघंच अशी होती, की ज्यांना एकमेकांकडे बघायची चोरी झाली, कारण चेहरे आवरत नव्हते.

"तुमची बस सव्वातीनची ना?" तो म्हणाला. "निघायला हवं तुम्हाला."

"हो." ती उठली. पर्स खांद्याला लावली, डबा उचलला. मग पुन्हा बसली.

"ऐक," ती म्हणाली. 'तुम्ही' कुठे गळून पडलं, तिच्या लक्षातही आलं नाही. "मला वाटतं... तू मला आवडतोस. म्हणजे, बहुतेक. अजून नक्की नाही."

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आवाज मात्र त्याने अगदी साधा ठेवला. "नक्की कधीपर्यंत कळेल?"

तिने हॉलमधल्या घड्याळाकडे बघितलं. मग त्याच्याकडे. मग डबा बाजूच्या खुर्चीवर ठेवून ती नीट मागे टेकून बसली.

"पुढची बस सहाला आहे," ती म्हणाली. "तोपर्यंत बसते. बघू."